जिन्यावर बसलेल्या बाई

आमच्या मुलीला, मुग्धाला, ब्रेल शिकवायला येणाऱ्या बाईंइतकं खरं बोलणारं माणूस मी उभ्या जन्मात पाहिलं नाही, आणि देवाने पुन्हा दाखवूही नये. खरं बोलणं हा त्यांचा गुण नव्हता, खोड होती. पहिल्याच दिवशी माझ्या बायकोने पोहे पुढे केले आणि "कसे झालेत?" म्हणून विचारलं. हे आपण काय उत्तरासाठी विचारतो? बाई म्हणाल्या, "मीठ जास्त पडलंय. पन द्या अजून." आमच्या बोळिंजच्या इमारतीतल्या एका काकूंनी मुग्धाच्या डोक्यावरून हात फिरवत "बिच्चारी!" म्हटलं, तर बाई जिन्यातच थांबल्या. "ती कशी बिचारी? लिफ्ट महिनाभर बंद आहे नि तुम्ही दोन पिशव्या घेऊन चढताय. बिचाऱ्या तुम्ही." त्या काकू अजून आमच्याशी तोंडदेखलंच बोलतात.

बाई भुईगावच्या. पन्नाशी उलटलेली, चष्मा दोऱ्याने बांधलेला. रविवारची चर्चमधली मिस्सा सोडली तर आठवडाभर त्या विरारपासून पार कामणपर्यंत, जिथे जिथे न दिसणारं पोर असेल त्या घरी जायच्या. त्यांच्या पिशवीतून काय निघेल याचा नेम नसे. केळफूल, गंजलेलं कुलूप, सुकटीची पुडी. "चित्रातला पोपट पोरीला काय कामाचा? हाताला लागेल ते शिकवा," हा त्यांचा खाक्या. एकदा त्यांनी पुढचे डेंगे दोऱ्याने बांधलेला जिवंत खेकडा आणला. दोरा सुटला आणि खेकडा फ्रिजखाली पळाला. मी आणि बायको सोफ्यावर चढलो. मुग्धा जमिनीला कान लावून "बाई, तो डावीकडे चाललाय" असं सांगत होती, आणि बाई झाडू हातात धरून लादीवर पालथ्या पडून हसत होत्या. आमच्या घरात कुणी हसल्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

मुग्धाची नजर सातव्या वर्षापासून कमी होत गेली. आधी तिन्हीसांजेला अडखळायची, मग फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलं. शेवटच्या तपासणीला डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. बायको मुग्धाला घेऊन बाहेर बाकावर बसली होती. राहिलेला थोडा उजेडही जाईल, यावर ऑपरेशन नाही, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. मी बाहेर आलो. दोघींनी एकदम माझ्याकडे तोंड वर केलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "दहा वर्षांची झाली की ऑपरेशन करू म्हणाले." डॉक्टरांचा कागद मी ऑफिसच्या खणात टाकला आणि कुलूप लावलं.

ह्या एका वाक्याने काय केलं ते बाई आल्यावर कळलं. मुग्धा त्यांचं सगळं ऐकायची, फक्त ठिपक्यांना बोट लावायची नाही. महिना गेला, दीड महिना गेला. शेवटी बाईंनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "कशाला शिकू? दहाव्या वाढदिवसाला माझं ऑपरेशन आहे. मग मी साधंच वाचणार." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. निघताना जिन्यात त्यांनी विचारलं, "डाक्टरचा कागद कुठाय?" मी म्हटलं, शोधावा लागेल. "मुग्धाचे पप्पा, तुम्हाला खोटं बोलता येत नाय. मग बोललात कशाला?" मी हात जोडले. म्हटलं, तुम्हीच सांगा दोघींना, तुम्हाला सवय आहे. बाई म्हणाल्या, "मी नाय सांगनार. माझ्याकडून कळलं तर पोरगी जन्मात तुमचा शब्द खरा धरनार नाय."

पुढच्या खेपेला बाई आल्या, पण आत आल्याच नाहीत. दारासमोरच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. "सांगून झालं की हाक मारा," मला म्हणाल्या. तासभर बसल्या आणि निघून गेल्या. त्यानंतरच्या खेपेलाही तेच. बायकोला मी सांगितलं, चढून दम लागलाय त्यांना. वॉचमनने विचारलं तर त्यालाही बाईंनी खरं तेच सांगितलं, "आतला बाप्या घाबरलाय. त्याची वाट बघते." तिसऱ्या खेपेला मुग्धा माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "पप्पा, बाई बाहेर बसल्यात. मला त्यांचा खोकला ऐकू येतो. मी काय केलं?"

मग माझ्याने राहवेना. बायको भाकरी थापत होती, तिला हात धुवायला लावले, दोघींना समोर बसवलं आणि सांगून टाकलं. मुग्धाने विचारलं, "म्हणजे दहाव्या वाढदिवसाला नाही?" "नाही." "अकराव्या?" "नाही गं." तिने पंधराव्यापर्यंत विचारलं. बायको उठली, तिने तव्यावरची जळलेली भाकरी उतरवली, गॅस बंद केला, आणि त्यापुढे चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलली. मी दार उघडलं. बाई आत आल्या. त्यांनी कुणाचीच समजूत काढली नाही, मुग्धाशेजारी लादीवर बसल्या आणि तिच्याबरोबर ढसाढसा रडल्या. मग नाक पुसून त्यांनी ब्रेलची पाटी नि टोचणी काढली आणि त्या दिवशी मुग्धाने पहिलं अक्षर टोचलं.

आता बाई येत नाहीत. गुडघ्यांनी दगा दिला, जिने चढवत नाहीत. फोनवर मात्र "तुमचा आवाज म्हातारा झालाय" असं बेधडक सांगतात, आणि मला त्यांची फार आठवण येते. मुग्धाची बोटं आता भराभर वाचतात. तिच्याबरोबर तिची आईही शिकली. बाईंनी मलाही बजावलं होतं, "तुम्ही पन बसा शिकायला." सोमवारपासून, म्हटलं होतं मी. ते सोमवार गेले.

मायलेकी एकमेकींना जाड कागदावर लिहितात. परवा टेबलावर एक कागद होता. मी त्यावरून बोट फिरवलं, नुसतं खरखरीत लागलं. मुग्धाला विचारलं, "आईने काय लिहिलंय गं?" तिने वरून खाली सावकाश बोटं फिरवली. मध्ये एका ओळीवर ती बराच वेळ थांबली.

"काही नाही, पप्पा. दूध संपलंय."

अख्खं पान ठिपक्यांनी भरलेलं होतं. मी पिशवी घेतली आणि दूध आणायला खाली उतरलो.