खुर्ची ओढून बसणाऱ्या डॉक्टरीणबाई

गेल्या माघातला शुक्रवार, संध्याकाळचे सहा. टेबलावर दीड लाख रुपये, नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात अनामत भरण्यासाठी. हजर माणसं: मी, माझी बायको, धुळ्याकडच्या गावाहून आलेले नानाकाका आणि आतल्या खाटेवर माझे वडील, आबा. त्यांचा श्वास सकाळपासून वर लागला होता. पिंप्राळ्यातल्या आमच्या दारात ॲम्ब्युलन्स उभी होती. आबांना उचलायचं तेवढं बाकी होतं, इतक्यात डॉक्टरीणबाई आल्या, खाटेजवळ खुर्ची ओढली आणि बसल्या.

हे त्यांचं नेहमीचंच. रुग्णापाशी त्या उभ्या राहत नसत. "उभ्या माणसाला कोणी खरं सांगत नाही. हा आता निघणार, असंच वाटतं," म्हणायच्या. ज्यांचा कॅन्सर बरा होणार नाही अशा रुग्णांना त्या घरी येऊन बघत. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "आबांना मी बरं करणार नाही. दुखू देणार नाही. चालत असेल तर सांगा." एका भेटीची फी तीनशे रुपये.

बोलणं तिखट. आबांना भेटायला कोणी आलं की ते टोपी घालून, भिंतीला टेकून बसत. "कसं शे?" विचारलं की "बरं शे." मॉर्फिनची गोळी आम्ही ते मागतील तेव्हाच द्यायचो, आणि ते मागत नसत. पाकीट जवळजवळ भरलेलं दाखवून मी समाधानाने म्हणालो, "फारशी लागतच नाही." बाईंनी आबांच्या पायावरची गोधडी बाजूला केली. पायाची बोटं मुठीसारखी आवळलेली होती.

"सून उशाशी, भाऊ समोर. हा माणूस कण्हणार कसा? गोळी घड्याळ बघून द्यायची, मागितल्यावर नाही."

"पण सवय लागली तर?" मी विचारलं.

"दुखणाऱ्याला बेताने दिली तर व्यसन लागत नाही. आणि जपून ठेवताय ती कोणासाठी?"

मला राग आला. पण त्या रात्री आबा झोपले, आणि त्यांच्यामागे आम्हीही.

त्या शुक्रवारी मात्र नाना ऐकायला तयार नव्हते. "लोके काय म्हनतीन? पैसा व्हता तरी भाऊले घरमाच मरू दिधं?"

बाई आबांच्या पाठीशी उशा रचत होत्या. खिडकी उघडायला लावली, टेबलफॅन आबांच्या चेहऱ्याकडे वळवला, औषध दिलं. मग म्हणाल्या, "नाना, तिथे घशात श्वासाची नळी घालून आठवडा वाढेल कदाचित. त्या आठवड्यात ते बोलू शकणार नाहीत, तुम्हाला काचेतून दिसतील. तरी न्यायचं तर न्या. पण त्यांना विचारलंत का?"

"आजारी मानूसले काय इचारतस?"

"मग कोणाला विचारू, ड्रायव्हरला?"

बाहेरून हॉर्न वाजला. बाई वाकल्या. "आबा, दवाखान्यात जायचं की इथे राहायचं? जे सांगाल ते मी करीन."

आबांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, मग नानांकडे. श्वास जुळवायला त्यांना वेळ लागला. "नाना, भलतं दुखस रे," ते म्हणाले. "आते कोठे नेऊ नको."

साठ वर्षांत नानांनी भावाच्या तोंडून 'दुखतं' ऐकलं नव्हतं. ते बाहेर गेले. मला वाटलं, स्ट्रेचर आणायला. खिडकीतून आवाज आला, "जाय भो. आमनं मानूस घरमाच ऱ्हाई." ड्रायव्हरचे पंधराशे नानांनी स्वतःच्या खिशातून दिले.

आबा पुढच्या बुधवारी गेले. मधल्या दिवसांत भेटायला येणाऱ्यांना नाना ओट्यावरूनच परत पाठवत आणि शिव्या खात. शेवटच्या दुपारी आबांचा हात त्यांच्या हातात होता.

तेराव्यानंतर बाई आल्या. उरलेल्या गोळ्या नियमाप्रमाणे परत घेतल्या, माझी सही घेतली आणि माझ्या बायकोला विचारलं, "झोप लागते का?" तोवर ती कोणासमोर रडली नव्हती. तासभर त्या तिच्याशी बोलत बसल्या.

निघताना बाई फीसाठी थांबल्या. "आता पेशंट कुठे आहे?" मी संकोचून म्हणालो.

"होती की, तुमच्या घरातच," त्या माझ्या बायकोकडे बघत म्हणाल्या.

मी पाकीट काढलं, तर नानांनी माझा हात मागे सारला. तीनशे रुपये नानांनी दिले, डॉक्टरीणबाईंनी घेतले.