सवाष्णींचा ग्रुप आणि गप्पांचा ग्रुप

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात लष्कर नावाचा जुना भाग आहे, तिथल्या आम्हा मराठी बायकांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. काम एकच. कुणाकडे कुळधर्म, कुणाकडे श्रावणी शुक्रवार, तर जेवायला सवाष्ण शोधायची. पूर्वी गल्लीत हाक मारली की तिघी मिळायच्या. आता घरं शहरभर विखुरली, निम्म्या जणी मुलांकडे पुण्याला. मग हाक फोनवर.

ग्रुप मी काढला, पण चालवला नई सडकेवरच्या काकूंनी. आमच्यात त्या सगळ्यांत मोठ्या, आणि सवाष्ण म्हणून त्यांना फार मागणी. कारण त्या मनापासून जेवायच्या. चौथी पोळी स्वतः मागून घ्यायच्या, यजमानीण खूश. ग्रुपवरही त्यांचंच राज्य. कुणी आमंत्रण टाकलं की खाली काकूंचा प्रश्न, 'कटाची आमटी करणार ना ग?' त्यावरून गूळ की चिंच, त्यावरून कुणाच्या तरी सासूबाई, त्यावरून गुडघे. साठ-साठ मेसेज! आज आठवलं की हसू येतं, तेव्हा माझं डोकं उठायचं.

मग एका थंडीत काका गेले. काकूंना सवाष्ण म्हणून बोलावणं बंद झालं. कुणी ठरवलं नाही, कुणी बोललंही नाही. हे असलं आम्हाला न शिकवता येतं. ग्रुपवर मात्र त्या होत्या तशाच राहिल्या.

त्या श्रावणात बिर्लानगरच्या एका घरचं आमंत्रण गप्पांत बुडालं. नैवेद्य झाला, पान मांडलेलं, आणि तीन वाजले तरी सवाष्णीचा पत्ता नाही. माझी सून म्हणाली, "आई, इतने मेसेज! कामाचं काही दिसतच नाही. गप्पांचा अलग ग्रुप बना दो ना." शाळेत तीस वर्षं वेळापत्रक आखलेली बाई मी. त्याच संध्याकाळी दोन ग्रुप केले. पहिल्यात नुसती आमंत्रणं, आणि ज्यांना आमंत्रण जाऊ शकतं तेवढ्याच बायका. दुसऱ्याचं नाव 'गप्पा'. तो सगळ्यांसाठी. काकूंनी विचारलं, 'पहिल्यात मी नाही का ग?' मी लिहिलं, 'तिथे आता फक्त कामाचंच असतं, काकू.' त्यांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

पहिला ग्रुप अगदी आदर्श झाला. 'शुक्रवारी दोघी हव्यात.' 'येते.' संपलं. आणि 'गप्पा'? नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. गप्पा कामाच्या कडेकडेनेच होतात, हे मला साठीत कळलं. 'हं, आता बोला' म्हटल्यावर कोण बोलणार? मी तर तो ग्रुप म्यूटच करून टाकला होता.

पितृपक्षात फोनमधला पसारा आवरताना तो उघडला. रोज दुपारी काकूंचा एक मेसेज. 'आज मेथी केली.' 'आज पिठलंच.' 'तुमच्याकडे काय ग?' खाली कुणाचंही उत्तर नाही. महिनाभर. मला स्वतःची फार लाज वाटली.

लगेच फोन केला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "अग, जेवताना लिहिते. एकटीला घास उतरत नाही ना."

दोन्ही ग्रुप मोडून पुन्हा एकच केला. सुनेला सांगितलं, आमंत्रण हरवलं तर मी एकेकीला फोन करीन. नवरात्रात आमचा कुळधर्म असतो, त्याला पहिलं बोलावणं काकूंना केलं. त्या नाही म्हणाल्या. "पुढेमागे तुझ्या घरी काही खुट्ट झालं तर मलाच टोचत राहील. नको ग." मी हुज्जत घातली, विनवण्या केल्या. ऐकलं नाही.

अष्टमीला पाच जणी पानावर बसल्या. पहिला वरणभात होतोय तोच सगळ्यांचे फोन एकदम वाजले. काकू. 'मीही ताट घेऊन बसलेय. कोशिंबीर कशाची आहे?' पाचही जणी उजवा हात पानात ठेवून डाव्या हाताने उत्तरं लिहायला लागल्या. मी तुपाची वाटी खाली ठेवली आणि लिहिलं, 'सावकाश होऊ द्या, काकू.'