गाठ न मारलेली दशी

बाईला सवत असते हे ऐकलं होतं. मला गड्याला सवत मिळाली. दगडी, दुमजली, दारावर क्रूस आणि आत भिंतभर पुस्तकं. बेळगावातल्या ख्रिस्ती युनिव्हर्सिटीची लायब्ररी. माझी बायको तिथं झाडलोटीला लागली तेव्हा आमच्या वडगावच्या विणकर गल्लीत सगळे म्हणाले, बरं झालं, मागाला जोड झाली. मीही म्हणालो. ती तिथं वाचायला लागेल हे कुणाच्या डोक्यात होतं?

ती सातवी शिकलेली, मी चौथी. पुस्तकं पुसता पुसता ती उघडायला लागली. लायब्ररी सांभाळणाऱ्या सिस्टरनी, म्हणजे तिथल्या ननबाईंनी, रागवायचं सोडून तिला खिडकीपाशी खुर्ची दिली. मग काय! घरी यायची ती तोंड उजळूनच. जेवताना सुरू व्हायची, "आज काय झालं ठाव हाय काय?" झालेलं असायचं पुस्तकातल्या कुणाचं तरी. मी म्हणायचो, "माग चालू हाय, ऐकू येत न्हाय."

"माग तर बंद हाय."

"मग कान बंद हायती."

"ते तर लग्नापास्नंच हायती," म्हणायची आणि भाकरी वाढायची. पुढं पुढं तिनं सांगायचं सोडलं. तेही मला खुपायचं. म्हणजे आता सगळं त्या सिस्टरला सांगते काय?

दर महिन्याला त्या लायब्ररीचं एक पत्रक निघतं. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला कन्नड आणि मराठी. नवी पुस्तकं कुठली आली, परीक्षेच्या दिवसांत दार कधीपर्यंत उघडं, नाताळचा गोठा सजवायला कोण येणार, असलं सगळं. खाली चौकटीत 'वाचून बघा'. तिथं प्राध्यापक आणि पोरं आपल्याला आवडलेलं पुस्तक सांगतात. ती ते पत्रक डाळीच्या डब्यामागं खोचून ठेवायची. माझं एकुलतं एक छायाचित्र मात्र ट्रंकेत, कपड्यांखाली.

आमच्या मागावर साडी पुरी झाली की टोकाला सुताच्या दशा राहतात. त्यांना गाठी मारायच्या, मगच साडी पुरी म्हणायची. अर्ध्या साडीला गाठ मारायची नाही. बापानं मला शिकवलं, मी तिला. फेकायच्या रंगीत दशा ती गोळा करून पिशवीत घालायची. मी विचारलं, "काय करतीस गं या कचऱ्याचं?" म्हणाली, "हाय माझं काम." मला वाटलं, पिशव्यांना बंद करत असेल.

मग ती आजारी पडली. पोटाचं दुखणं. दवाखाना झाला, पुन्हा दवाखाना झाला, शेवटी घरी आणली. शेवटच्या दिवसांत एकच धरून बसली. "ती बाई अजून स्टँडवरच बसली आसंल. भईन आली न्हाय तिची."

मी म्हणालो, "कुणाची भईन?"

"तिची. शिलाई मशीन घेऊन बसलीया. अंधार पडाय लागलाय."

मला वाटलं, हिला हिच्या बहिणीची आठवण आली. संकेश्वरला फोन लावला. मेव्हणी बिचारी मिळेल त्या एसटीनं आली, हात धरून म्हणाली, "आक्का, आली गं मी." बायकोनं डोळे उघडून तिच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, "तू न्हवं."

मेव्हणीला हसावं का रडावं कळेना. मला कळलं. बाई पुस्तकातली होती. चाळीस-पन्नास वर्षं मी उशाशी, आणि हिला घोर कुणाचा, तर कुठल्या तरी कागदावरच्या बाईचा. माझ्या भाकरीचं काय होईल, एवढंसुद्धा ती बोलली नाही. गेली ती त्या बाईला स्टँडवर सोडून. आणि मला.

महिना उलटला आणि पत्रक आलं. शिपायानं घरी आणून दिलं. बोट ठेवून ठेवून वाचलं. 'आमच्या मावशी आता नाहीत. आवडलेल्या पानात त्या रंगीत दशी ठेवत. पुस्तकात दशी दिसली तर ते जरूर वाचून बघा. दशी काढू नका.'

आमच्या! कुणाच्या आमच्या? आणि सूत कुणाचं? हिरवं, जांभळं, राणी रंगाचं, सगळं माझ्या मागाचं. सवतीला दागिने घालावेत तशी ही माझं सूत नेऊन त्या पुस्तकांना घालत होती! मी सदरा घातला आणि निघालो. दशा परत आणायच्या, दुसरं काही नाही.

लायब्ररीत मी पहिल्यांदाच पाय ठेवला. चपला बाहेर काढल्या. आत कुणीच काढत नाही हे नंतर दिसलं. सिस्टर उठून पुढं आल्या. पांढरी साडी, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. "बर्री, या काका, बसा."

"बसायला न्हाय आलो. माझं सूत द्या."

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. कपाटापाशी नेलं. म्हणाल्या, "घ्या. तुमचंच आहे."

एक पुस्तक काढलं. जांभळी दशी, टोकाला गाठ. ओढली. पुस्तक आपोआप मिटलं. उघडून बघतो तर कुठलं पान होतं, काही कळेना. माझ्या हातात माझं सूत होतं, आणि तिचं पान गेलं होतं. दुसऱ्या पुस्तकाला हात लागेना.

सिस्टर म्हणाल्या, "एक पुस्तक आम्ही कपाटात परत ठेवलं नाही. त्यातल्या दशीला गाठ नाही."

"मग?"

"मावशी म्हणायच्या, वाचून झालं की गाठ. अर्ध्याला गाठ मारायची नाही, आमच्या मालकांची रीत आहे."

मला इतका राग आला! माझ्या मागावरची रीतसुद्धा या बाईला माहीत. पण राग उतरायच्या आत दुसरं डोक्यात आलं. म्हणजे ती इथं माझं काही तरी बोलत होती.

त्यांनी पुस्तक आणलं. हिरवी दशी, मोकळी. मी विचारलं, "यात बाई हाय काय? शिलाई मशीनवाली?"

"हो. नवऱ्याचं घर सोडून बहिणीकडं निघालेली, एवढंच मावशींनी सांगितलं होतं. मी वाचून दाखवू?"

"नगं."

"बारीक अक्षर आहे, काका."

"नगं म्हणतो न्हवं! तुम्ही वाचलं तर तुमास्नी आधी कळंल."

त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं. खिडकीपाशी खुर्ची होती, ती माझ्यापुढं सरकवली. कुठली खुर्ची हे मला सांगायला लागलं नाही.

बसलो. दशीच्या पानापासून पुढं. ओळीखाली बोट, तोंडातल्या तोंडात अक्षर जुळवत. आजूबाजूची पोरं आधी बघायची, मग बघायची थांबली. एका दुपारी दोन पानं झाली. पुन्हा गेलो. त्या बाईजवळ एक माणूस येऊन बसतो, मशीन केवढ्याला देणार विचारतो. मी मनात म्हणालो, देऊ नगंस. तिनं दिली नाही. दिवे लागले. चहावाल्यानं बाकडी उलटी केली. मला दम निघेना आणि अक्षरं पळता पळेनात.

आणि आली. बहीण आली. पळत, केस सुटलेले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. एक स्वतःची, एक नवऱ्याची.

मी पुस्तक मिटलं. पुढं अजून पानं होती, पण मला तेवढंच पाहिजे होतं. हिरवी दशी तिच्या पानात होती तशीच ठेवली. गाठ मारली नाही, मारायचा हक्क तिचा होता. सिस्टरनी विचारलं, "काय झालं पुढं?" मी सांगितलं नाही. तुम्हाला बाकी सगळं दिलं, म्हणालो, हे माझं.

वाटेत मला लई गुर्मी आली होती. एवढी पुस्तकं तिनं वाचली, पण ही एक गोष्ट मला ठाऊक आणि तिला नाही. वडगाव येईपर्यंत गुर्मी टिकली. घरात शिरलो, माग लावला. थोडं विणलं.

मग माग बंद केला. एवढं शांत झालं की शेजारच्या घरातली शिट्टी ऐकू आली कुकरची.

भिंतीवरच्या तिच्या फोटोकडं तोंड करून म्हणालो, "ऐक गं. आली ती. दोन पायांत दोन चपला घालून आली."