गयाबाईच्या स्टोव्हभोवतीचं वारं

मी सिव्हिल इंजिनिअर. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून जाणाऱ्यांतला. त्यामुळे हे लिहिताना मलाच विचित्र वाटतंय... पण घरी कुणाला सांगता आलं नाही, म्हणून इथे.

सेलूला मोंढ्याच्या, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजाराच्या, रस्त्यावर कापसाचं एक जुनं, लांबलचक गोडाऊन आहे. त्याच्या शेजारी आठ-दहा फुटांचा बोळ सोडून चार मजली कॉम्प्लेक्स उभं राहिलं. डिझाइन माझं. सरळ डबाच — खालपासून वरपर्यंत एकच सपाट भिंत, तीही पश्चिमेला तोंड करून. अशा भिंतीवर आदळलेला वारा खाली उतरतो आणि बोळात घुसून भलताच जोर धरतो. हे मला माहीत होतं. पहिल्या मजल्यापासून भिंत थोडी आत घेतली असती तर जोर मोडला असता. मालकाला जागा सोडायची नव्हती, आणि मीही वाद घातला नाही.

बोळाच्या तोंडाशी गयाबाई आणि त्यांचा नवरा कोंडिबा चहा विकायचे. एकदा गयाबाई म्हणाल्या, "सायेब, पयलं इथं असं वारं नव्हतं. तुमची बिल्डिंग झाल्यापासून स्टो टिकंना गेलाय. कायतरी करा की."

"बघू," म्हणालो. कोंडिबा दिवसभर स्टोव्हच्या आड बारदाना धरून उभे राहायचे.

वैशाखातल्या एका दुपारी वादळ सुटलं. गोडाऊनचा पत्रा उचकटला, बोळातून सुसाट आला आणि कोंडिबांच्या मानेवर बसला. जागीच गेले.

महिन्याभराने गयाबाई परत बसायला लागल्या. मी भेटायला गेलो. बोळातून धूळ, कागद, पिशव्या उडत होत्या, माझा शर्ट फडफडत होता... आणि स्टोव्हची ज्योत एकदम सरळ. आडोसा काहीच नव्हता. म्हटलं, कोपऱ्याजवळ वाऱ्याचा असा शांत कप्पा तयार होतो कधीकधी. पुढे कॉम्प्लेक्समधल्या दुकानदारांनी त्यांना बोळाच्या दुसऱ्या टोकाला हलवलं. तिथेही तेच! मग मात्र मी नीट बघायला म्हणून स्टोव्हजवळ वाकलो — ज्योत फरफरली आणि विझली.

त्यांनी पेटवली. मी मागे सरकलो, ज्योत सरळ. पुढे झालो, विझली. तीनदा.

गयाबाई हळूच म्हणाल्या, "गिऱ्हाईक येतंय, जातंय, काय होत न्हाई. तुमी जवळ आलात की मगच इझायलाय. तुमी तिकडंच थांबा, सायेब."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

वाऱ्यावरची पुस्तकं पुन्हा काढून वाचली. माझ्याच जवळ जाण्याने ती ज्योत का विझावी, ते कुठेच सापडलं नाही. आता मोंढ्यात काम निघालं तर मी रस्त्याच्या पलीकडून जातो. गयाबाईंना मी दिसतो. त्या मान हलवतात... चहाला बोलावत नाहीत.