विश्राम म्हणणारं कोणी

माजी सैनिकांसाठी ध्यानाचा वर्ग आहे, जाऊन या, असं डॉक्टरांनी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. एकवीस वर्षं फौजेत काढलेल्या माणसाला आता श्वास घ्यायला शिकवणार म्हणे! पण बायको मुलीला घेऊन सावनेरला माहेरी गेली होती. ताट पडल्याच्या आवाजाने मी पोरीला ओढून पलंगाखाली ढकललं होतं, तिचं कपाळ फुटलं होतं. उपचार घेतल्याशिवाय परतणार नाही, असं बायकोने बजावलं, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. मारुतीशीही मी अबोला धरला होता. सीमेवर माझा जोडीदार गेला, तेव्हापासून आमच्या नंदनवन वस्तीतल्या त्याच्या देवळासमोरून मी मान वळवून जायचो.

वर्ग घेणारे गुरुजी गोड बोलायचे. दर दोन मिनिटांनी म्हणायचे, सावधान व्हा, मन श्वासावर आणा. त्यांच्या लेखी सावधान म्हणजे जागरूक. आम्हा बारा फौजींच्या मात्र मुठी वळायच्या, छाती पुढे यायची. मग ते म्हणायचे, सैल व्हा, आणि लगेच पुन्हा सावधान! पाच दिवसांत अगदी वीट आला. सहाव्या दिवशी ठरवलं, आजचा चहा घ्यायचा आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही.

चहावाल्या बाई रजेवर होत्या, बदली एक म्हातारी आली होती. सगळे उठून गेले तरी मी चटईवर ताठच. तिने कप ठेवला.

"काहून असे ताठून राहिले गा भाऊ? तुमाले कोणी विश्राम म्हटलंच नाही का?"

तिचा नवरा हवालदार होता. पेन्शनवर आल्यावरही तो असाच बसायचा; रोज संध्याकाळी ती तो शब्द म्हणायची, तेव्हा कुठे जेवायचा. एवढं सांगून ती हळूच म्हणाली, "विश्राम."

माझे खांदे आपोआप उतरले. मी हुंदके देऊन रडलो. जोडीदार गेला त्याच जागी मी मनाने इतकी वर्षं पहारा देत उभा होतो, आणि हुकूम मिळाल्याशिवाय फौजी हलत नाही.

दुसऱ्या दिवशी नेहमीच्या बाई आल्या. म्हातारीचं नावगाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी खोदून विचारलं नाही. देवळात गेलो, मारुतीला म्हटलं, हुकूम धाडायला फार उशीर केलास. मग पायांवर डोकं ठेवलं आणि म्हटलं, आता पहारा तुझा.

गुरुजी अजून सावधानच म्हणतात. मी अजून चिडतो, पण जातो. बायको परत आली आहे. जेवताना माझी पाठ ताठलेली दिसली की पोरगी, कपाळावर ती खूण घेऊन, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "बाबा, विश्राम." मग मी देवाचं नाव घेतो आणि पहिला घास उचलतो.