पाला कडू लागला तरी

कॉलेजच्या हॉलात मोठमोठे डाक्टर दहा-दहा मिनिटं बोलणार होते. मी हॉल झाडून राह्यली होती, अन् एक डाक्टरीण बाई चपला काढून, घड्याळ हातात धरून रिकाम्या खुर्च्यायपुढं बोलून पाहे. साप चावल्यावर काय कराव, ते सांगे.

"आजी, समजलं का?" तिनं इचारलं.

"सारं नाई समजलं, माय. पण माह्या मालकाले साप चावला, तं आमी त्याईले कडूनिंबाचा पाला चारला. पाला कडू लागला म्हंजे जहर चढलं नाई, असं आमी मानो. त्याईले कडू लागला. म्हणून घरीच ठेवलं. सांज होता होता त्याईचा जीव गेला."

बाई माह्यापाशी खालीच बसली. "एवढं शिकले, पण हा पाला मला कोणी सांगितलाच नाही. मी सांगू सगळ्यांना?"

"सांगजो."

तिनं कागदावरचं अर्धं भाषण खोडलं अन् भरल्या हॉलात माह्या मालकाचंच सांगितलं. दहा मिनिटं झाल्याची घंटी वाजली तरी कोणी हाललं नाई.

औंदा शेजारच्या सुनेले वावरात साप चावला. सासू निंबाकडं पाला तोडाले धावली. मी तिचा हात धरला. "कडू लागला तरी दवाखान्यातच ने."

काल तीच सून कापूस येचाले गेली, त्याच निंबाखालून.