सासऱ्यांची बैठक

माझ्या सासऱ्यांनी मला जितक्या वेळा मान खाली घालायला लावली, तितक्या वेळा मी ती देवापुढेही घातली नसेल. त्यांच्यात वाईट असे काही नव्हते. दारू नाही, पत्ते नाहीत, कोर्टकचेरीची हौस नाही. त्यांच्याकडे फक्त एक घोडी होती. रावेतला पवनेच्या काठी त्यांची चांगली बागायती होती, गावात शब्दाला किंमत होती, पण परक्या माणसाला स्वतःची ओळख करून देताना ते ‘आमी घोडीवाले’ एवढेच सांगत आणि पुढची चौकशी समोरच्याने घोडीची करावी अशी अपेक्षा ठेवत. मी त्यांना मामा म्हणत असे. मुलगी बघायला मी त्यांच्याकडे गेलो होतो, पण पाहणी झाली ती माझी. चहा झाल्यावर ते म्हणाले, “पाव्हणं, जरा त्या आडापातुर जाऊन या.” मला वाटले, आडाचे पाणी दाखवायचे असेल. मी गेलो, आत डोकावलो, परत आलो. मामा ओट्यावर डोळे बारीक करून बसले होते. सगळ्या मंडळींना ऐकू जाईल अशा आवाजात ते घराकडे तोंड करून म्हणाले, “चाल सरळ हाय. मान जरा पडती हाय, पर खाणंपिणं नीट झालं की उचलंल.” माझे चुलते फेट्याचा शेव तोंडाला लावून हसले. मी चपलांचे अंगठे मोजत बसलो. लग्न मात्र ठरले.

घोडीचे नाव साळू. कोणताही निर्णय घ्यायचा झाला, म्हणजे ऊस लावायचा की भुईमूग, थोरल्याला शाळेतून काढायचा की ठेवायचा, तर मामा म्हणत, “साळूला इचारून सांगतो.” मग गोठ्यात जात, बराच वेळ तिच्या मानेवरून हात फिरवत बसत आणि निर्णय घेऊन बाहेर येत. साळू हे सासूबाईंचे नाव आहे असा माझा सुरुवातीला समज झाला. पहिल्या दिवाळसणाच्या आमंत्रणाचे उत्तर मी मोठ्या आदराने सौ. साळूबाईंना लिहिले. ते पत्र मामांनी चावडीवर वाचून दाखवले. सासूबाई त्यानंतर कितीतरी दिवस मला वाढताना पदर दातात धरून हसू दाबायच्या, आणि मामा म्हणायचे, “जावयानं घोडीला मान दिला. शिकल्याली मानसं येगळीच.”

मी त्या वेळी पिंपरीला नुकत्याच सुरू झालेल्या एका कारखान्यात कारकून होतो. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, सायकल. आसपास सगळे माळरान आणि मधोमध तो कारखाना. तिथल्या साहेबांच्या नजरेत आपण खेडवळ दिसू नये म्हणून मी फार जपत असे. हे सगळे जपणे मामा एका फेरीत मातीत घालवत. हुरडा निघाला, अंजिरे पिकली, म्हशीचा चीक निघाला, काहीही निमित्त पुरे. साळूवर बसून ते थेट कारखान्याच्या फाटकाशी येत आणि पहारेकऱ्याच्या डोक्यावरून हाक मारत, “जावईबापू! चीक आणलाय! गार व्हतोय!” त्यातून ते नेमके शिफ्ट सुटायच्या वेळेला येत. भोंगा वाजला की साळू मान वर करून, दात दाखवून, त्याच सुरात लांबलचक खिंकाळे. कामगार हसत म्हणत, “चला राव, दुसरा भोंगा पण झाला.” आमचे हेडक्लार्क खिडकीतून वाकून बघत आणि सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असे म्हणत, “तुमच्या सासरची मंडळी बोलावतायत.” मी चिकाचे भांडे धोतराच्या फडक्यासकट उचलून सायकल स्टँडमागे लपवायला पळत असे.

मामांना मित्र म्हणावा असा एकच, चाकणचे बागवान. ते भाजीपाल्याचे आणि फळांचे व्यापारी. त्यांच्याकडे मोती नावाचा पांढरा घोडा होता. शनिवारच्या बाजाराला मामा चाकणला जात आणि दोघांची मैत्री अशी, की भेटल्याबरोबर एकमेकांच्या जनावराला नावे ठेवत. “काय रे, आज गाढवावर आलास?” बागवान विचारत. “गाढव बरं. तुज्या घोड्याला चुना लावलाय की पांढराच हाय?” मामा विचारत. एवढे झाले की दोघे बागवानांच्या घरी जेवायला जात. ईदला मामांच्या घरून दूध जाई, आणि साळूला शिंगरू झाले तेव्हा बागवानांनी दोन रात्री गोठ्यात काढल्या होत्या. बागवानांना मराठी वाचता येत नव्हते आणि मामांना उर्दू, त्यामुळे वर्तमानपत्रावरून भांडायची सोयच नव्हती.

मामांना सगळ्यात मोठा अभिमान होता तो आपल्या बैठकीचा. घोडीवरच्या बैठकीचा. “मी पडलो न्हाई. कवाच न्हाई,” ते सांगत. “पुरात पडलो न्हाई, वाघरू आडवं गेलं तवा पडलो न्हाई. मला पाडणारं जनावर अजून जलमायचं हाय.” हे ते व्याह्यांना सांगत, पहारेकऱ्याला सांगत, आणि एकदा तर आमच्या साहेबांना त्यांची मोटार थांबवून सांगितले होते. साहेबांना मराठी येत नव्हती. त्यांना वाटले, म्हातारा कुठे तरी पडला आहे. त्यांनी मला बोलावून त्याच्यासाठी मलमपट्टीची पेटी पाठवली.

अशा माणसाचा हात एका शनिवारी गळ्यात बांधलेला दिसला, तेव्हा सगळ्या रावेतला धक्का बसला. चाकणच्या भर बाजारात बागवानांच्या मोतीने साळूला मागून लाथ घातली, साळू उधळली, आणि नाइलाज झाला, असे मामांनी सांगितले. “जनावरच खोडीचं. बैठकीचा काय संबंध?” लोकांना पटले. बाजारातही तेच पसरले. बागवानांना कोणी विचारले तर ते एवढेच म्हणत, “हां, जरा खोडकर आहे तो.” मला यात काहीच खटकले नाही. मामांचे कारखान्यात येणे थोडे दिवस बंद झाले म्हणून, खरे सांगायचे तर, बरेच वाटले.

पुढे पावसाळा सरला आणि एके दिवशी बागवान मला कारखान्याच्या फाटकाशी भेटले. आमच्या कँटीनला त्यांची भाजी येत असे. ते काठी टेकत चालत होते.

“गुडघे गेले, जावईबापू,” ते म्हणाले. “रिकिबीत पाय जात नाही. मोतीला विकायला काढला.”

“कोणी घेतला?”

“कोण घेणार? लाथ मारणारा घोडा म्हणून नाव झालं ना. घरात लेकरंबाळं असलेला माणूस लांबूनच बघतो आणि जातो.” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. “मोशीकडचा एक वीटभट्टीवाला नेतो म्हणाला. येत्या बाजारी.”

त्या दिवसांत इकडे कारखाने उठत होते, चाळी उठत होत्या, आणि विटा पुरत नव्हत्या. भट्टीवर गेलेला घोडा पुन्हा कोणाला धड अंगाने दिसत नसे. मला वाईट वाटले, पण रस्त्यात ऐकलेल्या वाईट बातमीचे वाटते तितकेच. रविवारी रावेतला जेवताना मी ती गोष्ट सहज सांगितली.

मामांनी ताट पुढे सरकवले. उठले, हात धुतला आणि गोठ्यात गेले. सासूबाई म्हणाल्या, “आता साळूला इचारतील.” पण त्या दिवशी ते लवकर बाहेर आलेच नाहीत. दिवेलागण झाली तेव्हा मी बघायला गेलो. मामा गव्हाणीच्या कडेवर बसले होते आणि साळूकडे पाठ केली होती. माझ्याकडेही न बघता ते म्हणाले, “जावईबापू, शनिवारी रजा टाका. चाकणला यायचंय.”

“काय काम?”

“साक्षीला.”

शनिवारी मी गेलो. इस्त्रीचा शर्ट घालूनच गेलो, ही माझी चूक. बाजार भरला होता, कांद्याच्या गाड्यांनी वाट उरली नव्हती. बागवान मोतीचा लगाम धरून एका कडेला उभे होते आणि भट्टीवाला मोतीचे दात बघत होता. मामा साळूवरून उतरले, एका रिकाम्या बैलगाडीवर चढले आणि फेटा काढून हातात घेतला. भर बाजारात बोडके डोके. तेवढ्यानेच माणसे जमली. त्यात कांदे घ्यायला आलेले आमचे हेडक्लार्कही होते, सपत्नीक.

“ऐका मंडळी,” मामा म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. “ह्या घोड्यानं साळूला लाथ घातली न्हाई. ह्यो चार हात लांब हुबा व्हता. त्या दिशी बागवानाच्या घरी मी लई जेवलो व्हतो. घोडीवर बसल्या बसल्या मला झोप लागली आन् मी पडलो. कांद्याचं पोतं पडावं तसा पडलो. लोकं हसतील म्हून खोटं बोललो.”

मला वाटले, आता लोक हसतील आणि सुटलो. पण बाजार हसला नाही. बाजाराने विश्वासच ठेवला नाही. “मैतरासाठी बोलताय पाव्हणं!” कोणीतरी म्हणाले. “तुमी आन् पडणार? तुमची बैठक आमाला ठाव हाय!” दुसरा म्हणाला. खोटे बोलले तेव्हा सगळ्यांनी ऐकले होते, आणि आता खरे कोणी ऐकेना. मामा गाडीवर उभे राहून इकडे तिकडे बघू लागले. मग ते खाली उतरले, साळूवर बसले, मान छातीवर टाकली, डोळे मिटले, घोरल्याचा आवाज काढला आणि सगळ्यांच्या देखत डाव्या अंगाने खाली घसरले. धप्पकन. धुरळा उडाला. साळूने वळून बघितले. उठून, धोतर न झटकता मामा म्हणाले, “असं.”

आता मात्र बाजार हसला. पोरीबाळी हसल्या, हेडक्लार्क डोळे पुसू लागले आणि माझ्याकडे बोट दाखवून त्यांच्या बायकोने विचारले, “हे त्यांचेच जावई का हो?” मला तिथल्या तिथे कांद्याच्या ढिगात शिरावेसे वाटले.

“पडलास ते खरं,” भट्टीवाला म्हणाला, “पर घोडा लाथ मारत न्हाई कशावरून?”

मामांनी त्याला उत्तर दिले नाही. साळूच्या पडशीतून त्यांनी भाकरीचे गाठोडे काढले, मोतीच्या मागे गेले आणि त्याच्या दोन्ही मागल्या पायांच्या मधोमध मांडी घालून बसले. ठेचा सोडला, कांदा मुठीने फोडला आणि जेवायला लागले. माणसे चार पावले मागे सरली. मोतीच्या शेपटीचा एक फटका त्यांच्या तोंडावर बसला. ती बाजूला करून त्यांनी दुसरा घास घेतला. मोतीने कान हलवले, एक पाय उचलला. त्याने तो पाय जरा लांब ठेवला, म्हाताऱ्याच्या गुडघ्याला लागू नये असा.

बागवान पुढे आले. त्यांचे तोंड लाल झाले होते. “अरे, उठ रे बाबा,” ते हळू आवाजात म्हणाले. “लोक हसतात.”

“हसू दे,” मामा खाली मान घालून म्हणाले. “त्या दिशी हसले असते तर बरं झालं असतं.”

खेडच्या बाजूचे एक वयस्कर पाटील गर्दीत उभे होते. त्यांना शेतावर फिरायला आणि नातवंडांना बसवायला शांत जनावर हवे होते. त्यांनी मोतीच्या पाठीवर थाप मारली आणि बागवानांना म्हणाले, “ह्यो आमाला द्या.” भट्टीवाला कुरकुरत निघून गेला. सौदा झाला, पाटलांचा गडी मोतीला घेऊन वाटेला लागला. बागवान रस्त्याच्या वळणापर्यंत त्याच्यामागे काठी टेकत गेले आणि एकटे परत आले. मामा अजून खालीच बसले होते, समोर अर्धी भाकरी. वर बघायची त्यांची छाती होत नव्हती. बागवान त्यांच्यापाशी आले. मग काठी बाजूला टाकून, कण्हत कण्हत, ते मामांच्या शेजारी धुळीत बसले आणि म्हणाले, “ठेचा सगळा संपवलास?”

परतताना मामा साळूवर बसले नाहीत, माझ्या सायकलीच्या बाजूने चालत राहिले. मी म्हणालो, “झालं ना मामा आता. निस्तरलं सगळं.”

“लोकांपुढचं निस्तरलं,” ते म्हणाले. “जावईबापू, मी पडलो ते बागवानानं डोळ्यानं बघितलं व्हतं. माझं खोटं त्याच्या तोंडासमोर चाललं व्हतं. आन् ह्या इतक्या दिसांत त्यानं मला एक शबूद इचारला न्हाई. एक शिवी द्यायची व्हती रे. आपला घोडा भट्टीला चालला तरी दिली न्हाई. ह्याचं काय करू?”

त्यानंतर मामांनी बैठकीची गोष्ट कोणाला सांगितली नाही. पाहुण्यांनी विषय काढला तर ते उठून आत जात. चाकणचा बाजार मात्र सोडला नाही. एकदा कारखान्याच्या कामाने मला तिकडे जावे लागले, तेव्हा ते मला बागवानांच्या दुकानाच्या पायरीवर दिसले. साळूच्या पायांना चोळण्यासाठी ते घरी निरगुडीचे तेल कढवत, त्याची वाटी शेजारी होती. येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट अडवून मामांनी बागवानांचा पाय मांडीवर घेतला होता आणि घोडीला उभी करताना काढतात तसा ‘हूं, हूं’ असा आवाज काढत ते त्यांचा गुडघा रगडत होते. “अरे हळू! घोडा आहे का मी?” बागवान ओरडले. “घोडा असतास तर कवाच बरा झाला असतास,” मामा म्हणाले. बागवान हसले, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी हात मामांच्या खांद्यावर ठेवला. मामा चोळायचे थांबले. क्षणभर वाटले, आता काहीतरी बोलतील. पण त्यांनी पुन्हा वाटीत बोटे बुडवली आणि बागवानांचा दुसरा गुडघा जवळ ओढला.